केंद्रकातला तपकिरी रंग

“ताई, एक मिनिट या ना इकडे.”

“डबा उघडलाय मी.”

“एकच मिनिट.”

यास्मिनताई मुजावर चपातीचा तुकडा हातात घेऊनच आल्या आणि दारात थांबल्या. खाण्याचं काहीही आत न्यायचं नाही, हा नियम त्यांनीच केला होता.

“काय झालं? परत रंग उतरला?”

“उतरला नाही. चढलाय. पण भलत्याच जागी.”

मिरजेतल्या एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी लागले त्याला तेव्हा चार महिने झाले होते. यास्मिनताई तिथे सोळा वर्षं होत्या. पेशंटच्या गाठीचा पातळ काप काचेवर घ्यायचा आणि त्यातलं एखादं ठरावीक प्रथिन जिथे असेल तिथे तपकिरी रंग उमटवायचा, हे आमचं काम. बाकी सगळं निळं राहतं. मग डॉ. मगदूम सर सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि रिपोर्ट देतात.

ती काच इराण्णा बिरादार, वय अडतीस, यांच्या जबड्याखालच्या गाठीची होती. सरांनी ती सकाळीच बघितली होती. कर्करोग, लिम्फोमा. बारा वाजता सही होऊन रिपोर्ट गेलाही होता. मी फक्त काच खोक्यात ठेवायची होती. ठेवली नाही. जेवायच्या सुट्टीत मी ती सूक्ष्मदर्शकाखाली लावली, कारण तिच्यावरचं प्रथिन माझ्या ओळखीचं होतं. बीसीएल-टू. एम.एस्सी.ची दोन वर्षं मी त्याच्यावरच काढली होती.

हे प्रथिन पेशीला मरू देत नाही. पेशीच्या मरण्याची तयारी मायटोकाँड्रियात होते आणि बीसीएल-टू त्यांच्याच बाहेरच्या पडद्यात शेपटी रोवून बसलेलं असतं, दारात बसलेल्या राखणदारासारखं. मी प्रयोगात त्याची शेपटी कापली होती, तेव्हा ते पेशीभर भरकटत गेलं होतं. म्हणजे ते कुठे बसतं यालाच महत्त्व. रंगवलेल्या काचेवर ते केंद्रकाभोवती तपकिरी कड्यासारखं दिसायला हवं आणि मधलं केंद्रक निळं. पुस्तकात मी असे शंभर फोटो बघितले होते. माणसाच्या गाठीत, स्वतःच्या हातानं रंगवलेलं, पहिल्यांदाच बघत होते.

आणि कडी नव्हतीच. केंद्रकंच तपकिरी होती.

“सरांना दाखव,” यास्मिनताई म्हणाल्या.

“आत्ता नको. आधी खात्री करते.”

“कसली?”

“हे नवीन आहे याची. म्हणजे, कुणी बघितलेलं नाही असं.”

“चुकलेलं पण असू शकतं की.”

“कंट्रोल चांगला आला होता ना सोमवारी. तुम्हीच बघितलात.”

ते खरं होतं. अँटिबॉडी, म्हणजे प्रथिन शोधून धरणारा द्रव, नवीन सौम्य करून नळीत भरला की तो आधी टॉन्सिलच्या कापावर लावून बघायचा. टॉन्सिलमध्ये कुठे काय दिसायला हवं हे पाठ असतं. तसं दिसलं की आठवडाभर ती नळी बिनधास्त वापरायची. बाकी ठिकाणी प्रत्येक वेळी कंट्रोल लावतात. आमच्याकडचा टॉन्सिलचा ब्लॉक, म्हणजे मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला तुकडा, संपत आला होता, म्हणून सोमवारचा एकच.

“बघ बाई,” म्हणून यास्मिनताई डब्याकडे गेल्या.

एक वाजला होता. ही वेळ मला नऊ वर्षांनंतरही नक्की सांगता येते, कारण मी मोबाइलनं सहा फोटो काढले आणि त्यांवर वेळ आहे.

फोटो मी कोल्हापूरला माझ्या एम.एस्सी.च्या मार्गदर्शक देशिंगकर मॅडमना पाठवले. खाली लांबलचक निरोप. मग दुपारभर माझं कशात लक्ष लागेना. दर पाच मिनिटांनी मोबाइल बघायचा. एक शोधनिबंध उघडायचा, अर्धा वाचायचा, दुसरा उघडायचा. केंद्रकात बीसीएल-टू दिसल्याच्या काही जुन्या नोंदी सापडल्या, तेव्हा राग आला. पण त्या वेगळ्या पेशींतल्या होत्या असं कळल्यावर बरं वाटलं. घरी आईनं दोनदा वाढलं तरी पान तसंच होतं. मी निबंधाचं शीर्षक ठरवलं होतं. लेखकांच्या यादीत यास्मिनताईंचं नाव घालायचं की तळटीपेत नुसते आभार मानायचे, यावरही बराच विचार केला होता.

मॅडमचं उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, साडेदहाला काउंटरवर एक उंच माणूस आला. मागे हळूहळू चालत एक बाई. तिचा चेहरा सुजलेला आणि डाव्या दंडापासून मनगटापर्यंत ओढणी गुंडाळलेली.

“बिरादार,” तो म्हणाला. “माझी काच आन तो मेणाचा ठोकळा पायजे. मुंबईला दाखवायचंय. साडेपाचची गाडी हाय.”

पेशंटची काच पेशंटचीच असते, मागितली की द्यायची. काच माझ्या टेबलावर होती, रुमालाखाली.

“बसा,” मी म्हणाले.

तो बसला नाही. “एक इचारू का मॅडम? ह्या आजारात किडनी तरी चालती का ओ?”

“कुणाची?”

“माझीच की. अक्काला द्यायची होती.” त्यानं मागे मान वळवली. “सगळं जुळलंय आमचं. येत्या मंगळवारची तारीख मिळाली होती. तपासणीत ही गाठ घावली. काल रिपोर्ट गेला आन पाचला फोन आला, तारीख रद्द. ते म्हणत्यात, आधी तुझं तू बघ.”

“ह्याला स्वतःला काय झालंय ते ऐकायचंच न्हाई,” ती बाई म्हणाली. तिचं नाव महादेवी, हे मला फाइलवरून नंतर कळलं. “सगळ्यांना किडनी चालती का इचारत सुटलाय. मोडकी मोटरसायकल विकायला काढल्यावानी. इंजिन चांगलं हाय म्हणं.”

“गप गं अक्का.”

“मी डायलिसिसच्या मशीनवर होते तवा फोन आला. ह्यो रडायला लागला, तर नर्स मलाच म्हणती, त्यांना पाणी द्या. हाताला सुया माझ्या.”

मी काय करायला हवं होतं ते सोपं होतं. रुमाल उचलायचा, काच डबीत घालायची, सही घ्यायची. पण काच मुंबईला गेली की गेली. माझ्याकडे उरले असते मोबाइलचे सहा धुरकट फोटो.

“काच अजून सुकायची आहे,” मी म्हणाले. “चारला या.”

आत काम करणाऱ्या यास्मिनताईंचे हात थांबले. काच मंगळवारीच सुकली होती.

“वली हाय?” इराण्णा म्हणाला. “मग काल डॉक्टरांनी कशी बघितली?”

“बघता येते. प्रवासात सरकते.”

“असं व्हय.” त्यानं ते पटवून घेतलं. मग काउंटरवर बोट फिरवत म्हणाला, “आमचं दूध संकलन केंद्र हाय, जतजवळ. मी मशीनवर असतो. एखाद्याच्या दुधाला फॅट कमी आलं की तो म्हणतो, परत लाव. मी लावतो. बोलायला जागा नको. तुमच्यात परत लावायची पद्धत हाय का?”

“आमच्याकडे कंट्रोल असतो.”

“म्हंजे?”

“म्हणजे, ज्याचं उत्तर माहीत आहे असा एक नमुना लावून बघतात. तो बरोबर आला की बाकीचे बरोबर.”

“माझ्यासंगं लावला होता?”

“सोमवारी लावला होता. तुमचा मंगळवारी.”

त्यानं अक्काकडे बघितलं, मग माझ्याकडे. भांडायचा सूर नव्हता, खरंच कळून घ्यायचं होतं.

“सोमवारच्या दुधाचं फॅट मंगळवारच्या दुधाला कसं चालंल?”

ते जिन्यात जाऊन बसले. मी आत आले आणि काच पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली लावली.

जबड्याखालची ती गाठ म्हणजे लसिकाग्रंथी, आणि तिच्यात पेशींचे गोल असतात. माझे सहाही फोटो गोलांच्या आतले होते. तपकिरी रंग तिथे होता, म्हणून मी तिथेच बघत राहिले होते. आता पहिल्यांदाच काच सरकवून मी गोलाच्या बाहेर आले.

बाहेर सगळं निळं होतं.

हे शक्य नाही. गोलाबाहेरच्या पेशी दीर्घकाळ जगायच्या असतात, त्यांच्यात बीसीएल-टू भरपूर असतंच. निरोगी माणसात, आजारी माणसात, टॉन्सिलमध्ये, कुठेही. उलट निरोगी गाठीत गोलाच्या आत ते नसतं. आतल्या पेशी निवडीसाठी असतात, नापास झाल्या की मरायला मोकळ्या. या कर्करोगात आतही राखणदार येऊन बसतो, त्या मरत नाहीत, म्हणून आत तपकिरी दिसलं की लिम्फोमा. सरांनी लांबून, लहान भिंगातून आत तपकिरी बघितलं होतं. मी जवळून, मोठ्या भिंगातून आत तपकिरी बघितलं होतं.

पण आत तपकिरी, तेही केंद्रकात, आणि बाहेर निळं, असं दिसणारं एक प्रथिन मला माहीत होतं. बीसीएल-सिक्स. त्याची जागा केंद्रकातच. आणि ते प्रत्येक निरोगी गाठीच्या गोलात असतं.

मी फ्रिज उघडला. दोन्ही नळ्या शेजारीशेजारी होत्या. सारख्याच, बोटाच्या पेराएवढ्या. फ्रिजमधल्या ओलीनं नळीच्या अंगावरची शाई पुसून जाते, म्हणून आमच्याकडे नाव झाकणावर लिहायची पद्धत होती. सोमवारी दोन्ही मीच भरल्या होत्या, दोन्हींची झाकणं एकदमच काढून टेबलावर उलटी ठेवली होती. टॉन्सिलच्या कापांवर दोन्हींचे थेंब सोडले. ते काप बरोबरच आले. पण झाकणं मी थेंब सोडल्यानंतर लावली होती.

“ताई,” मी म्हणाले. दोन्ही नळ्या पुढे केल्या. “ताई, झाकणं.”

त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. त्यांनी दोन्ही नळ्या उजेडात धरल्या, जणू पाण्यासारख्या द्रवात काही फरक दिसणार होता.

“अल्ला. झाकणावर लिहायचं मीच तर शिकवलं तुला.”

सर त्या वेळी दुसऱ्या दवाखान्यात होते. मी फोन लावला.

“सर, बिरादारच्या काचेवर बीसीएल-टूऐवजी सिक्स पडली असावी.”

सर होते तिथलं दार लागल्याचा आवाज आला.

“असावी, की पडली?”

“अजून माहीत नाही.”

“मग माहीत करून घे, आरवाडे. टॉन्सिलचे दोन काप, दोन्ही नळ्यांचे. बिरादारच्या ब्लॉकचे नवीन दोन. मी येतो.”

रंगवायला चार तास लागतात. घाई करता येत नाही. मेण उतरवायचं, मग काचा रसायनात बुडवून कुकरला लावायच्या. हो, कुकरच. घरातला पाच लिटरचा, कारण झाकली गेलेली प्रथिनं उघडी पडायला तेवढीच वाफ लागते. तीन शिट्ट्या. मी गॅससमोर उभी होते. दुसरी शिट्टी यायला इतका वेळ लागला की मी दोनदा झाकणाकडे हात नेला.

“लांब हो,” यास्मिनताई म्हणाल्या. “फिरत राहिलीस म्हणून लवकर होणार नाही.”

जिन्यात इराण्णा फोनवर कुणाला तरी सांगत होता, काच वली हाय, चारला मिळंल. दोन वाजता देशिंगकर मॅडमचं उत्तर आलं. एकच ओळ. ‘गोलाबाहेरच्या पेशी निळ्या का आहेत?’ हातमोजे घातलेल्या बोटांनी मला उत्तर देता आलं नाही. द्यायचंही नव्हतं.

पावणेचारला सर आले, सदऱ्याच्या बाह्या दुमडत सरळ सूक्ष्मदर्शकाशी बसले. आधी टॉन्सिल. टू लिहिलेल्या नळीनं टॉन्सिलच्या गोलांची केंद्रकं तपकिरी केली होती. सिक्स लिहिलेल्या नळीनं बाहेर कडी काढली होती. मग बिरादारचा नवा काप, खऱ्या बीसीएल-टूचा. सरांनी या वेळी सगळी भिंगं फिरवली. काच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत नेली.

“बघ,” म्हणून ते उठले.

गोल आतून स्वच्छ निळे होते, रिकामे. बाहेर हजारो लहान तपकिरी कडी, प्रत्येकात निळं केंद्रक. पुस्तकातल्यासारखी.

सरांनी दोघांना आत बोलावलं, आपल्या खोलीत नाही, तिथेच, टेबलाशी. त्यांनी काही लपवलं नाही.

“आमची चूक झाली. औषधाच्या नळ्यांची झाकणं बदलली गेली. आणि मी नीट मोठं करून बघायला हवं होतं, ते बघितलं नाही. तुम्हाला कर्करोग नाही. साधी सुजलेली गाठ आहे. दाढबीढ दुखत होती का?”

इराण्णाचा हात गालाकडे गेला. “खालची. दोन महिने.”

“दोन महिने?” महादेवी म्हणाली. “आन मला बोलला न्हाईस?”

“तुझ्यापुढं दाढ काय सांगायची?”

तो खुर्ची असूनही खाली फरशीवर बसला. थोड्या वेळानं तिथूनच म्हणाला, “मग किडनी चालंल?”

“ते किडनीचे डॉक्टर ठरवतील. या गाठीमुळे अडायचं कारण नाही. मी आत्ता फोन करतो.”

सर फोनवर बरंच बोलले. मंगळवारची जागा काल संध्याकाळीच दुसऱ्या पेशंटला दिली गेली होती. पुढची तारीख सात आठवड्यांनंतरची. महादेवीनं ते ऐकलं आणि ओढणीचं टोक पुन्हा मनगटाशी खोचलं. इराण्णाला मात्र सात आठवडे ऐकूच गेले नसावेत. तो उठला आणि माझ्यापाशी आला.

“मॅडम, तुमाला शंका आली होती व्हय? म्हणून सकाळी काच दिली न्हाई?”

सर माझ्याकडे बघत होते. यास्मिनताई कुकर घासत होत्या, नळ चालूच होता.

“हो,” मी म्हणाले.

त्यानं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.

ते गेल्यावर यास्मिनताईंनी नळ बंद केला. “काल एक वाजता तू मला बोलावलंस,” त्या म्हणाल्या. “त्यांची तारीख पाचला गेली.” आणि कुकर पालथा घातला.

शुक्रवारी दुपारी मी डायलिसिसच्या वॉर्डात गेले. अक्काचे वार सोमवार, बुधवार, शुक्रवार, हे तिच्या बोलण्यावरून कळलं होतं. ती खिडकीकडच्या पलंगावर होती. एकटीच.

“इराण्णा दाढ काढाय गेलाय,” ती म्हणाली. “मीच धाडला. बसा की.”

मी बसले नाही. “मला एक सांगायचंय. मला गुरुवारी शंका आली नव्हती. रंग चुकीच्या जागी आहे हे मी बुधवारीच बघितलं होतं. एक वाजता.”

मशीनचं चाक फिरत होतं आणि रक्त नळीतून सरकत होतं.

“मला वाटलं, काहीतरी नवीन सापडलंय. म्हणून सरांना सांगितलं नाही. काच पण त्यासाठीच ठेवून घेतली. मला ती द्यायची नव्हती.”

“एक वाजता.”

“हो.”

“आन तुमचं ते परत लावायला किती वेळ लागतो?”

“चार तास.”

तिनं मनात मोजलं. मी ते मोजणं बघितलं.

“म्हंजे पाचला कळलं असतं. मंगळवारी झालं असतं माझं.”

कदाचित, असं माझ्या तोंडाशी आलं होतं. “झालं असतं,” मी म्हणाले.

शेजारच्या पलंगावरच्या आजोबांनी कूस बदलली. महादेवी छताकडे बघत होती.

“काय सापडलं होतं नवीन?”

“एक प्रथिन असतं. पेशीला मरू देत नाही. ते नेहमीच्या जागी नाही, आतच जाऊन बसलंय, असं मला दिसलं.”

“आन?”

“ते तिथे नव्हतंच. दुसरंच होतं. त्याच्या स्वतःच्या जागी.”

ती एकदम हसली, पण आवाज न करता. हसताना हात हलू नये म्हणून तिनं दुसऱ्या हातानं तो धरला.

“इराण्णाला सांगाय आलाय का?”

“तुम्हा दोघांना.”

“त्याला नको. काल घरी फोन करकरून सांगत हुता, लॅबमधल्या पोरीनं काच सोडलीच न्हाई म्हणून. गाठ घावल्यापास्नं पयल्यांदा पोटभर जेवला. ऱ्हाऊ द्या त्याला तेवढं.”

“पण ते खोटं आहे.”

“सात आठवडे माझं हायत,” ती म्हणाली. “त्याचं न्हाईत, तुमचं न्हाईत. कुणाला काय सांगायचं ते मी बघीन.”

मशीन वाजलं. नर्स आली, तिनं नळ्या बंद केल्या, चिकटपट्ट्या सोडवल्या आणि इकडेतिकडे बघितलं.

“भाऊ कुठाय? दाबून कोण धरणार?”

“ह्या धरतील.”

मला वाटलं ती नाही म्हणेल. पण नर्सनं मला हातमोजा घालायला दिला, पहिली सुई काढली आणि गॉजची घडी त्या जागी ठेवून माझी दोन बोटं तिच्यावर टेकवली.

“दहा मिनिटं. जोरात नाही, पण सोडायचं पण नाही. आणि मधेच उचलून बघायचं नाही. थांबलं का, थांबलं का, असं सगळे बघतात. बघितलं की पुन्हा सुरू होतं.”

ती पुढच्या पलंगाकडे गेली. बोटांखाली बारीक घरघर लागत होती. रक्त तिथून जोरात वाहतं, त्याची. गॉजवर तांबडा ठिपका उमटला होता. तो वाढतोय की तेवढाच आहे, ते माझ्या बोटांमुळे दिसत नव्हतं. एक बोट किंचित सरकवलं असतं तर दिसलं असतं.

महादेवीनं डोळे मिटले होते. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. तीन मिनिटं झाली होती.